प्रायव्हेट लिमिटेडच्या एजीएमची (वार्षिक सर्वसाधारण सभेची) नोटीस: २१ दिवस नीट मोजा

आधी आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची स्वतःची नियमावली, वाचा. प्रायव्हेट कंपनीला त्यात नोटिशीची वेगळी मुदत ठेवता येते, पण आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) हिशेब आणि अ‍ॅन्युअल रिटर्न भरलेले असतील तरच. वेगळं काही नसेल तर कंपनी कायदा २०१३, कलम १०१, म्हणजे २१ दिवस.

बोर्ड मीटिंगमध्ये एजीएमची तारीख-वेळ-जागा ठरवा, त्या बोर्ड मीटिंगची नोटीस प्रत्येक डायरेक्टरला ७ दिवस आधी. झालं.

आता दिवस. "महिनाअखेरीला एजीएम ना, मग ९ तारखेला मेल टाकू" असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक ऑफिसात असतो, त्याचं ऐकू नका. २१ दिवस म्हणजे मधले पूर्ण दिवस, पाठवल्याचा दिवस सोडायचा आणि सभेचाही. ३० सप्टेंबरला सभा असेल तर मेल ८ ला गेलाच पाहिजे, ९ ते २९ हे तुमचे २१. पोस्ट किंवा कुरियर असेल तर अजून २ दिवस धरा, म्हणजे ६ तारीख. रविवार मोजायचे, गणपतीच्या सुट्ट्याही मोजायच्या, पण ऑडिटर त्या सुट्टीत गावी गेला की तुमची बोंब, कारण ऑडिट झालेले हिशेबही २१ दिवस आधीच पाठवायचे असतात.

"शॉर्ट नोटीस घेऊ की!" म्हणजे २१ दिवसांपेक्षा कमी मुदतीची. घ्या, पण एजीएमला मतदानाचा हक्क असलेल्या किमान ९५ टक्के मेंबरांची (शेअरहोल्डरांची) संमती लागते, आणि ती डोकी मोजून, शेअर मोजून नाही. चार मेंबर असतील तर चौघंही हवेत, एक काका रुसले की संपलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली पीडीएफ मी नोटीस मानत नाही. नियमात मेंबरने दिलेला शेवटचा ईमेल पत्ता आणि पाठवल्याची नोंद लागते. सब्जेक्टमध्ये कंपनीचं नाव, कुठली सभा, जागा, तारीख लिहा, आणि सेंट मेलची प्रिंट फाइलला लावा. ऑडिटर, सगळे डायरेक्टर आणि वारलेल्या मेंबरचे वारस, यांनाही पाठवायची, हे लोक हमखास विसरतात.

प्रॉक्सीचं वाक्य, म्हणजे मेंबरला आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं हे, ठळक टाका. हिशेब, डिव्हिडंड, निवृत्त डायरेक्टरच्या जागेची नेमणूक आणि ऑडिटर सोडून दुसरा विषय असेल तर त्या विषयाचा खुलासा नोटिशीला जोडा.

वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मधलीच. आणि रजिस्टर्ड ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला असेल तर "वाशीला हॉल स्वस्त मिळतो" म्हणून तिकडे जाऊ नका, ते दुसरं शहर झालं, त्यासाठी सगळ्या मेंबरांची संमती आधीच घ्यावी लागते.