गैरअर्जदाराचे वकीलपत्र घेताना

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयात नवी सनद घेऊन काम सुरू करणाऱ्याकडे पहिल्या वर्षीच सासरच्या मंडळींचे वकीलपत्र येते, आणि पक्षकार बहुधा एकच वाक्य घेऊन येतो: “मॅडम, बाईनं केस टाकली.” ती कोणत्या कायद्याखालची, कुठे दाखल झालेली, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या हातातला कागद स्वतः वाचल्याशिवाय त्याला धीरही देऊ नये आणि भीतीही घालू नये, कारण सारख्याच दिसणाऱ्या या कागदांमागे अगदी वेगळ्या वाटा असतात.

पहिली वाट कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याची, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. त्यात आपला पक्षकार आरोपी नसून गैरअर्जदार असतो. त्याला जामीन घ्यावा लागत नाही, आणि मागणी असते ती संरक्षण, निवास, आर्थिक मदत, मुलांचा ताबा व नुकसानभरपाई यांची. मात्र संरक्षण आदेश झाल्यावर तो मोडला, तर कलम ३१ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होतो, ज्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दुसरी वाट पोलीस ठाण्यातील फिर्यादीची. १ जुलै २०२४ पूर्वीच्या छळाला भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ लागते आणि त्यानंतरच्या छळाला भारतीय न्याय संहितेचे कलम ८५; दोन्हींत शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. त्याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १४४ खाली पोटगीचा अर्ज वेगळा येऊ शकतो. तिन्ही एकाच वेळी चालू शकतात आणि एका ठिकाणी लिहून दिलेले दुसऱ्या ठिकाणी आपल्याच अंगावर येते, म्हणून सगळीकडचे लेखी म्हणणे एका बैठकीत, एकमेकांशी ताडून लिहावे.

नोटीस न घेणे हा आपल्या भागातला जुना रोग आहे. शिपाई गावात आला की माणूस वावरात निघून जातो आणि पेशी (सुनावणीची तारीख) टळली असे समजतो. प्रत्यक्षात कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितलेले असल्यामुळे चुकवलेल्या प्रत्येक महिन्याची थकबाकी साचत जाते. ती साचल्यावर निघणारे वसुली वॉरंट हातात घेऊन आलेला पक्षकार सर्वांत अवघड, कारण त्या टप्प्यावर वकिलाने करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

पोलीस ठाण्याचा भाग थोडक्यात सांगता येईल. ‘अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या २०१४ च्या निकालानंतर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करता येत नाही. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ठाणेदाराकडून ती आली की पक्षकाराला वेळेवर पाठवावे आणि हजेरीची लेखी नोंद मागावी. अटकेची खरीच भीती असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालय गाठावे. त्यासाठी दर वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागतेच असे नाही, पुसद आणि केळापूर येथे अतिरिक्त सत्र न्यायालये आहेत. विवाहितेचा मृत्यू झाला असेल तर मात्र हे सारे गणित बदलते, आणि अशा प्रकरणात नव्या वकिलाने ज्येष्ठाबरोबरच उभे राहावे.

आता मुख्य काम. फिर्यादीची प्रत मिळाली की मी एका कोऱ्या कागदावर रकाने आखते: नाव, नाते, राहण्याचे गाव, फिर्यादीत त्या व्यक्तीवर असलेले नेमके वाक्य, त्या वाक्यातली तारीख. पती, सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद आणि कधी कधी नणंदेचा नवरा, अशी नावे उतरवत गेले की चौथ्या रकान्यात फरक उघडा पडतो. पतीसमोर “पोळ्याच्या दिवशी दारू पिऊन काठीने मारले” असे ठसठशीत वाक्य असते, तर नणंदेसमोर “सर्वांनी मिळून माहेराहून पैसे आणण्यासाठी त्रास दिला” एवढेच. नणंद लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदत असेल तर तिच्या सासरचे रेशनकार्ड, तिच्या मुलांच्या शाळेचा दाखला आणि मतदार यादीतील नोंद पहिल्याच आठवड्यात गोळा करावी. ‘कहकशां कौसर विरुद्ध बिहार राज्य’ या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांवरील अशा सरसकट, मोघम आरोपांवरचा खटला रद्द केला आहे. त्याचा उपयोग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खालच्या अर्जात होतो. मात्र सर्वांना एकाच वकीलपत्रावर, एकाच मजकुरात बांधून टाकू नये. पतीवरचा आरोप ठोस आणि बहिणीवरचा पोकळ असताना दोघांनी मिळून “असे काही घडलेच नाही” म्हटले, तर बहिणीचे खरे म्हणणेही पतीच्या लटक्या म्हणण्याबरोबर बुडते.

आर्थिक मागणीला उत्तर देताना नव्या वकिलांचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि दायित्वांचे शपथपत्र सक्तीचे केले आणि त्याचे नमुनेही जोडले, त्यांत शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. शहरी नोकरदाराचा नमुना कास्तकाराकडून भरून घेतला की निम्म्या रकान्यांत ‘निरंक’ लिहिले जाते, आणि माणूस काहीतरी लपवतो आहे असे वाटू लागते. शेतीच्या नमुन्यात जमिनीचे क्षेत्र, ती ओलिताची की कोरडवाहू, पिके, जनावरे आणि मागील तीन वर्षांचे शेतीचे उत्पन्न विचारले आहे. त्यासाठी सातबारा व आठ-अ, पीक कर्जाचा खातेउतारा, आणि कापूस व सोयाबीन विकल्याच्या हिशेबपट्ट्या लागतात. पक्षकार म्हणतो, “काहीच उरत नाही, मॅडम.” ते खरेही असते, पण ते न्यायालयाला दिसायचे तर बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि कर्जाचा हप्ता यांचे आकडे विक्रीच्या आकड्यासमोर मांडावे लागतात. सातबारा वडिलांच्या नावे असला, तरी पती ते वावर कसतो हे गावात सर्वांना माहीत असते, तेव्हा ‘मी भूमिहीन मजूर’ असे शपथेवर लिहू देऊ नये.

याच टप्प्यावर हमखास एक प्रश्न येतो: “जमीन मायच्या नावानं करून टाकू का?” याला उत्तर एकच, नाही. नोटिशीनंतरच्या तारखेचा फेरफार समोरच्या वकिलाच्या हाती लागायला तलाठी कार्यालयाची एक फेरी पुरते, आणि त्यानंतर आपल्या शपथपत्रातील एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय सामायिक घर विकण्यास किंवा त्याची विल्हेवाट लावण्यास मनाई करण्याचा अधिकार कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम १९ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांना आहेच. घराबाबत ‘ते सासूच्या नावे आहे’ हा बचावही २०२० च्या ‘सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा’ या निकालानंतर पुरेसा राहिलेला नाही. सून तिथे घरगुती नात्याने नांदली असेल तर मालकी कोणाचीही असो, ते सामायिक घर ठरू शकते.

बाई असून बाईच्या विरुद्ध उभी राहते, असे मला बार रूममध्येही ऐकवले जाते. माझे मत असे की आरोपाची कसोटी लागल्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये, आणि कसोटी लावणे म्हणजे अर्जदार बाईची अब्रू काढणे नव्हे. पक्षकाराचे नातेवाईक तिच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याचा आग्रह धरतात. असे प्रश्न असभ्य तर आहेतच, पण ते खटलाही बिघडवतात, कारण मानसिक छळाचा आरोप असलेल्या प्रकरणात आपण भर न्यायालयात त्या छळाचा नमुनाच दाखवत असतो. उलटतपास तारखा, ठिकाणे, दवाखान्याची कागदपत्रे आणि अर्ज व जबाब यांतील विसंगती यांवरच ठेवावा. व्हॉट्सअॅपचे संदेश दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. नुसत्या छापील प्रती जोडून भागत नाही.

आणि त्याने खरोखर मारले असेल तर? दार लावून, नातेवाइकांना बाहेर बसवून हे एकदा स्पष्ट विचारावे. होकार आला तरी वकीलपत्र सोडण्याचे कारण नाही. फिर्यादीत पुरावा मागण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. फक्त खोटे शपथेवर लिहून घेऊ नये. कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालच्या अर्जात, फिर्यादीवर काय परिणाम होईल हे तोलून, आरोप मान्य न करता ‘अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी जाणार नाही, फोन करणार नाही’ असे हमीपत्र स्वतःहून द्यायला लावावे आणि अंतरिम रकमेवर वाजवी बोलणी करावी. यातून ती बाई सुरक्षित राहते आणि माणूसही कलम ३१ च्या गुन्ह्यापासून लांब राहतो.

तडजोड बहुतेकदा गावातच, पोलीस पाटील आणि चार जाणत्यांसमोर होते आणि स्टॅम्प पेपरवर फारकती लिहिली जाते. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात अशी प्रथा त्या समाजात रूढ असल्याचे सिद्ध केल्याशिवाय त्या कागदाने घटस्फोट होत नाही. गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तो कायदा मुळात लागू नसल्याने तिथे प्रथेचाच पुरावा पाहावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराचा अधिनियम मात्र त्यांनाही लागू आहे. पैसे ठरले असतील तर ते भाच्या-पुतण्याच्या हाती रोख पाठवू नयेत, बँकेतून द्यावेत किंवा न्यायालयात भरून पावती घ्यावी. कलम ८५ चा गुन्हा तडजोडयोग्य नसल्यामुळे परस्पर संमतीनंतरही तो रद्द करून घेण्यासाठी नागपूरलाच जावे लागते.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालच्या आदेशाविरुद्ध कलम २९ प्रमाणे सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते. म्हणून आदेश झाला त्याच दुपारी नकलेचा अर्ज टाकावा, आणि अपील दाखल केले तरी स्थगिती मिळेपर्यंत ठरलेली रक्कम भरत राहण्यास पक्षकाराला बजावून सांगावे. कापूस विकायचा राहिला असेल तर हप्ता पाडून देण्याचा अर्ज पुढच्या पेशीआधीच द्यावा.