पहिली-दुसरीचा दिवस कसा लावायचा

पहिली-दुसरी एकत्र मिळाली की नवीन गुरुजी आधी वेळापत्रक आखतात. मराठी, गणित, इंग्रजी, खेळ, सगळं चौकोनात. टांगा भिंतीवर, केंद्रप्रमुखांना दाखवायला लागतं. पण सहा वर्षांचं पोर त्या चौकोनांत बसत नाही. हजेरी, पोषण आहार, पाट्या वाटणं ही कामं तशीही करायचीच असतात. माझं निम्मं गणित त्यांतच होतं. वाचन मात्र खिचडीच्या आधी घ्यायचं, कारण जेवल्यावर पहिलीची पोरं पेंगतात आणि त्यांना हलवून जागं करण्यात अर्थ नसतो.

हजेरीपासून सुरुवात करा. परिपाठ झाला की दाराशी खराट्याच्या काड्यांचा डबा ठेवा. आत येणाऱ्याने एक काडी उचलून टेबलावर ठेवायची. शाळा छोटी असेल तर तिसरी-चौथीच्या काड्याही मागवून घ्या. मग दुसरीतल्या दोघांनी दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावायचं. दोन गठ्ठे झाले, सात सुट्या राहिल्या. फळ्यावर दशकाच्या घरात 2, एककाच्या घरात 7. पहिलीने नुसतं बघितलं तरी चालेल, चार दिवसांनी तीच पुढे येऊन गठ्ठे बांधायला भांडतात.

खरी मजा पुढे आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरतात. म्हणजे एका गठ्ठ्याला एक किलो आणि सुट्या काडीला शंभर ग्रॅम. दुसरीतलं पोर स्वयंपाकाच्या मावशींना जाऊन सांगतं, ‘मावशी, दोन किलो सातशे.’ मावशी काट्यावर तांदूळ काढतात, पोर शेजारी उभं राहून आकडा बघतं. किलो-ग्रॅमचा धडा पुस्तकात येईल तेव्हा येईल.

उशिरा येणाऱ्यांवर रागावू नका, ते हातचा शिकवायला कामी येतात. सत्तावीस मोजून झाल्यावर पाच जण आले (ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरचे येतातच उशिरा), तर सात सुट्या आणि पाच मिळून बारा. त्यातल्या दहांचा नवा गठ्ठा बांधायचा, दोन सुट्या ठेवायच्या आणि मावशींना नवा निरोप धाडायचा, तीन किलो दोनशे. ‘हातचा’ हा शब्द मी काही आठवड्यांनी काढते. तोवर पोरांच्या बोटांना तो कळलेला असतो.

एकोणतीस ऐकून 39 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मला विचाराल तर दोन्ही म्हणवून घ्या. ‘वीस नऊ’ म्हणताना दोन गठ्ठे आणि नऊ काड्या दाखवा. ‘एकोणतीस’ म्हणताना तीन गठ्ठे मांडा आणि त्यातली एक काडी ओढून घ्या.

वाचनाला मुळाक्षरांच्या तक्त्यापासून सुरुवात नको. अ ते ज्ञ धडाधडा म्हणणारं मूल ‘मका’पाशी अडलेलं मी कितीदा पाहिलंय. क, म, न, ळ आणि काना, एवढ्यावर पहिले आठ-दहा दिवस काढा. मका, काम, नाक, कान, काका, मामा, माळ, कमळ, एवढे शब्द त्यातच निघतात. फरशीवर खडूने मोठे लिहा, तुम्ही शब्द पुकारा, पोरांनी त्यावर उडी मारायची. तेवढ्या वेळात दुसरीला जोड्या लावून पुस्तकातला उतारा द्या. एकाने बोट फिरवायचं, दुसऱ्याने वाचायचं.

‘म्या न्हाय आणली पाटी’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे सुधारू नका, पोरगं पुढे आठवडाभर गप्प राहतं. त्याचं वाक्य तो बोलला तसंच फळ्यावर लिहा, खाली पुस्तकी मराठीतलं लिहा, दोन्ही वाचून घ्या. वर्ग हसला तर हसू द्या, तुम्ही हसू नका.

जेवणाआधी साबणाने हात, रांग, वाढप्यांची पाळी. वाढपी मुलांमध्ये मुलगेही हवेतच. दुपारी माती, कागद, कविता. इंग्रजी आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीतच आहे, पण लिहायची घाई कशाला? ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’ असं म्हणत हालचाली करून घ्या, या वयाला तेवढं पुष्कळ.

सुटायच्या वेळी पालक वही उघडतात आणि कोरी दिसली की त्यांना वाटतं, बाई दिवसभर बसून होत्या. म्हणून रोज तोंडी एक काम घरी धाडा. घरात चपला किती, मोजून ये. आजीच्या नावात कोणतं अक्षर आपण शिकलोय, शोधून ये. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्याबरोबर विचारायचं, आणि विसरायचं नाही. एकदा विचारलं नाहीत की तिसऱ्या दिवशी कुणी चपला मोजत नाही.