रीफ टाकीतला मानाचा मासा कसा निवडावा

रीफ टाकीत, म्हणजे जिवंत कोरलांच्या (प्रवाळांच्या) खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कोरलं रुजली, क्लाउनफिशची जोडी आपल्या कोपऱ्यात नांदायला लागली, की टाकीवाल्यांना पुढचे वेध लागतात. आता एक असा मासा हवा की बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जावी. मला याबद्दल जितकी विचारणा होते तितकी दुसऱ्या कशाबद्दलच होत नाही, आणि विचारणाऱ्याच्या मनात मासा बहुतेक वेळा ठरलेला असतो: निळा टँग, नाहीतर एम्परर एंजल. मी मात्र आधी टाकीची लांबी विचारते.

लांबीच, लिटर नाही. उंच पण आखूड टाकीत पाणी भरपूर मावतं, पण टँगला लागते ती आडवी धाव. निळा टँग दुकानात बोटभर असतो आणि पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरच्या आसपास जातो. त्याला सहा फुटांहून आखूड टाकी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पिवळा टँग साधारण 20 सेंटिमीटरला थांबतो. त्याला चार फूट म्हणजे कमीत कमी, पाच असतील तर उत्तम. एम्परर एंजल 40 सेंटिमीटरपर्यंत जातो. शिवाय त्याचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं असलेलं, आणि वाढलेला मासा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. त्या वर्तुळांवर भाळून आणलेला मासा पुढे तसा राहत नाही.

“आत्ता लहान आहे, वाढला की मोठी टाकी घेऊ” हा बेत ऐकला की मी थांबवते. मोठी टाकी आधी, मासा मग. अडचणीच्या जागेत वाढलेला टँग सतत ताणाखाली असतो, बाकीच्यांना छळतो आणि आजार ओढवून घेतो. समुद्रातल्या पिवळ्या टँगच्या कानातल्या खड्यांवरची वाढीची वलयं मोजून काही मासे चाळिशी गाठतात असं दिसलं आहे. म्हणजे मासा निवडताना पुढच्या वर्षाचा नाही, पुढच्या कित्येक वर्षांचा विचार करायला हवा.

दुसरा प्रश्न खाण्याचा. तो काय खाणार, आणि तुमच्या टाकीतलं काय खाऊन टाकणार? दुकानातल्या पाटीवर “रीफ सेफ”, म्हणजे कोरलांना धोका नसलेला, असं लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर जाऊ नका. एम्पररसारखे मोठे एंजल मांसल कोरलं, झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे कोरलांचे नातेवाईक) आणि शिंपले टोचतात. फ्लेम एंजल 10 सेंटिमीटरचा, लालभडक, अंगावर काळ्या रेघा, देखणा यात शंकाच नाही. पण एक फ्लेम वर्षानुवर्षं कोरलाला तोंड लावत नाही आणि दुसरा आठवड्यात शिंपल्याची कड कुरतडायला लागतो. आधी कळायला काही मार्ग नाही. आणि खडकांच्या कपारी माहीत झालेला मासा जाळ्यात येत नाही, तो काढायचा म्हणजे अर्धा रीफ उपसायचा. ज्याच्या टाकीत महागामोलाचे शिंपले आहेत त्याने या वाटेला जाऊ नये. हार्लेक्विन टस्क कोरलांच्या वाटेला जात नाही, पण कोळंब्या आणि गोगलगायी मात्र फस्त करतो.

काही मासे इतरांना खात नाहीत, तेच उपाशी मरतात. मूरिश आयडल त्यातला. कितीही मोह झाला तरी तो घरी आणू नका. कॉपरबँड बटरफ्लाय एप्टेशिया, म्हणजे टाकीत माजणारी उपद्रवी समुद्रफुलं, खातो म्हणून आणला जातो, पण टाकीतले एप्टेशिया संपले की त्याला गोठवलेलं खाणं गळी उतरवताना माणूस हैराण होतो. मँडरिन माशाचं दुखणं वेगळं. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, एकेक टिपत फिरतो. नव्या टाकीत कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात आणि मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत जातो. टाकी मुरलेली हवी, खडक भरपूर हवा, शक्यतो रेफ्युजियम (असे जीव निर्धास्त वाढावेत म्हणून जोडलेला वेगळा कप्पा) हवं, आणि त्याच कोपेपॉडवर डोळा ठेवणारा सिक्सलाइन रॅस मासा सोबत नको. टाकीत वाढवलेला आणि पेलेट खाणारा मँडरिन मिळाला तर काम बरंच सोपं होतं.

मग आणावं काय? लहान ते मध्यम टाकीसाठी मी पहिलं नाव घेते ते नर फेअरी रॅसचं. पिंजऱ्यासारख्या टाकीत शांत उभा असताना तो बरा दिसतो, एवढंच. पण संध्याकाळकडे माद्या आसपास असल्या की तो सगळे पर ताठ उभारतो, अंगावरचे रंग क्षणात झळाळतात, आणि एक सपाटा मारून पुन्हा नेहमीसारखा होतो. काही सेकंदांचा खेळ, पण एकदा पाहिला की दुसऱ्या माशाकडे लक्ष जात नाही. म्हणून एकटा नर आणू नका. माद्या नसतील तर त्याचे रंग हळूहळू फिके पडतात. दोन नर मात्र नकोत. माद्या लहान असतानाच आणाव्यात, कारण पुढे एखादी मादी स्वतःच नर होऊ शकते आणि मग जुन्या नराशी जुंपते.

फेअरी रॅसची एकच अट आहे आणि ती टाळता येत नाही: झाकण. हा मासा उडी मारतो. दचकला की मारतो, भांडणात मारतो, दिवे अचानक गेले की मारतो. बारीक जाळीचं झाकण कडेपासून कडेपर्यंत बसवा आणि पंपाची वायर जिथून आत येते ती खाचही बुजवा, तो नेमका तिथूनच जातो. सकाळी खडकाच्या फटीत पारदर्शक, चिकट पिशवीसारखं काही दिसलं तर घाबरू नका. रात्री तो अंगाभोवती श्लेष्माचं आवरण विणून झोपतो.

टाकी लांब असेल आणि एंजलच हवा असेल तर जेनिकँथस. हे एंजल मोकळ्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लँक्टन, खातात, त्यामुळे कोरल टोचण्याची भीती बाकीच्या एंजलांपेक्षा खूपच कमी. नर आणि मादी रंगानेच वेगळी ओळखू येतात, नराच्या शेपटीची टोकं लांब सुटलेली असतात. यातले बरेच मासे खोल पाण्यातून वर आणलेले असतात, तेव्हा दुकानात त्याचं पोहणं नीट बघा. डोकं खाली झुकवून, शेपटी हलवत सारखा तोल सावरतोय असं दिसलं तर वर आणताना हवेच्या पिशवीला इजा झालेली असू शकते. तो घेऊ नका.

पिवळा टँग तर सगळ्यांचाच लाडका, आणि आता तो अंड्यापासून वाढवलेलाही मिळतो. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये ते जमवलं, पुढच्याच वर्षी फ्लोरिडात निळ्या टँगची पिल्लंही वाढवली गेली. मिळत असेल तिथे मी असाच मासा घ्यायला सांगते. तो माणसाच्या हातचं खाऊनच मोठा झालेला असतो, आणि काही भागांत मासे पकडायला अजूनही सायनाइड वापरतात, त्याचा प्रश्नच उरत नाही.

जात ठरली की नेमका मासा निवडायचा. काचेपासून चार पावलं लांब उभं राहून बघा, जवळ गेलात की तो वेगळा वागतो. समोरून बघा, बाजूने नाही. बाजूने सगळे मासे गुटगुटीत दिसतात. समोरून पोट आत गेलेलं आणि डोळ्यांच्या वरचा, पाठीकडचा भाग खपाटीला गेलेला दिसला तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ल्यांची उघडझाप बघा. आसपासच्या माशांपेक्षा खूप भरभर चालू असेल, किंवा एकच कल्ला हलत असेल, तर माघारी फिरा. पंपाच्या धारेत तोंड धरून ठाण मांडून बसलेला मासाही संशयास्पद. शेवटी दुकानदाराला खायला घालून दाखवायला सांगा. मासा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं नेहमीचं खाणं) धावत जाऊन पकडतो की तोंडात घेऊन थुंकतो, हे स्वतः डोळ्यांनी बघा. आवडलेला मासा आठवडाभर दुकानातच राखून ठेवता आला तर जरूर ठेवा.

घरी आणला की थेट रीफमध्ये सोडायचा नाही. टँगला पांढरे ठिपके, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन, फार चटकन होतो. हा परजीवी काही दिवस अंगावर राहून खाली पडतो, खडक-वाळूवर कवच करून त्यात वाढतो आणि पुन्हा नवे मासे शोधत बाहेर येतो. ठिपके गेले म्हणून आजार गेला असं होत नाही. तो रीफमध्ये शिरला तर सगळे मासे काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. म्हणून वेगळ्या टाकीत महिनाभर क्वारंटाइन: तळाला वाळू नाही, खडक नाही, लपायला पीव्हीसीचे तुकडे. गरज पडली तर तांब्याचं औषध इथेच, टेस्ट किटने मोजून. रीफ टाकीत तांबं कधीही नाही, कोरलं आणि कोळंब्या त्यात जगत नाहीत. मँडरिनला तांबं टाळावं.

रीफमध्ये सोडण्याचा क्रम स्वभावावरून. शांत फेअरी रॅस लवकर, भांडखोर टँग शेवटी. पर्पल टँग तर सगळ्यांच्या नंतरच. टँग जाळीने धरू नका. त्याच्या शेपटीच्या मुळाशी पात्यासारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हातही चांगलाच कापतो. पारदर्शक डब्यात घ्या, आणि तोच भोकं पाडलेला डबा टाकीत टांगून काही दिवस त्याला त्यात ठेवा. जुने मासे डब्यावर धडका मारून कंटाळले की मगच सोडा. जुना टँग तरीही नमत नसेल तर टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा चिकटवा, तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंततो आणि नव्याला कपार शोधायला वेळ मिळतो. टँगसाठी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला रोज लावा. पहिल्या दिवशी त्याने तोंड लावलं नाही तर संध्याकाळी काढून दुसऱ्या दिवशी ताजा लावा, जागा तीच ठेवा. तिसऱ्या दिवशीही तो नोरीकडे फिरकत नसेल आणि मायसिसही नाकारत असेल, तर दिवे मंद करून पुन्हा एकदा समोरून त्याचं पोट तपासा.