'इकडे बघ' म्हणण्याआधी

माझ्या धाकट्या भावाला बोलता येत नाही, मान सावरत नाही, नजरही हवी तिथे नेता येतेच असं नाही. येणारा-जाणारा त्याच्या तोंडासमोर टाळ्या वाजवतो, 'इकडे बघ, इकडे बघ!' त्याने तो दचकतो, इतकंच. त्याचं लक्ष जिथे आहे तिथे आपण जायचं असतं. अशा माणसाशी संवाद जुळवायचा, तर हे करून बघा.

आधी वेळ बघा. फिट येऊन गेल्यावर किंवा औषधाच्या गुंगीत नादी लागू नका. नीट टेकवून बसवा, डोक्याला आधार द्या. सगळी ताकद मान धरण्यात गेली तर तुमच्यासाठी काय उरणार? आणि टीव्ही बंद. आवाज कमी नाही, बंद.

मग शेजारी बसा आणि काही करू नका. लोकांना हेच सगळ्यात जड जातं. श्वास कसा चाललाय, बोटं काय करताहेत, घशातून कसला आवाज येतोय, ते बघा. भाऊ अंगठ्याने चादर खरवडतो. मी त्याच्या हाताला लागून, त्याच लयीत खरवडते. तो थांबला की मीही थांबते आणि वाट बघते. उत्तर यायला वेळ लागतो; मध्येच आपण दुसरं काही सुरू केलं, की जुळत आलेलं उत्तर विस्कटतं. मग अंगठा जरासा हलतो, आणि मी परत खरवडेपर्यंत भाऊ श्वास धरून थांबतो. या पद्धतीला 'इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन' म्हणतात. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्ह ह्यूइट आणि मेलनी निंड यांनी ती आकाराला आणली. हुबेहूब नकलेचा हट्ट मात्र नको, चिडवल्यासारखं होतं.

हे जमू लागल्यावरच मध्ये वस्तू आणा. आम्ही किल्ल्यांचा जुडगा घेतो. साधारण वर्षाचं होईतो बाळ वस्तूकडे बघून पुन्हा आपल्याकडे बघायला लागतं. इथे नजरेचा तो फेरा होईलच असं नाही. किल्ल्या वाजायच्या थांबल्या की भावाचा हात माझ्या मनगटाकडे सरकतो. माझ्या लेखी ते 'वाजव' आहे. मेंदूतल्या इजेमुळे दिसायला अडचण असेल, तर वस्तूला हात घालताना काही जण मान फिरवतात. तो नकार समजू नका. वस्तू एकच ठेवा, मागे नक्षीदार काही नको.

नुसते डोळे मिटणं म्हणजे कधी कधी फक्त विसावा. पण अंग ताठलं, चेहरा आक्रसला, की पुरे.

जमलं तर मोबाइल टेकवून व्हिडिओ घ्या. समोर बसल्यावर निसटलेले कितीतरी इशारे नंतर दिसतात, आणि थेरपिस्टला दाखवायलाही होतं.