एक्स्टेंडर लावायचा तो अर्ध्या वाटेवर

मागच्या बेडरूममध्ये वायफाय मिळत नाही म्हणून स्वस्तातला एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं छोटं यंत्र) आणला, की बहुतेक जण तो त्याच बेडरूममध्ये लावतात. तिथे राउटरचा सिग्नलच क्षीण असतो. एक्स्टेंडर तोच पुढे पाठवतो. मोबाइलवर रेघा पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ अडकतो तो अडकतोच.

एक्स्टेंडर राउटर आणि त्या खोलीच्या साधारण मध्यावर हवा, जिथे मोबाइलला अजून दोन-तीन रेघा मिळतात. पॅसेजमधला प्लग पॉइंट सहसा उत्तम. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा यांच्या आड मात्र नको, धातू सिग्नल अडवतो. जोडणी राउटरशेजारीच करून घ्या: दोन्हींवर डब्ल्यूपीएस बटण असेल तर पासवर्डही टाकावा लागत नाही. मग काढून जागेवर लावा.

वेगाबद्दल आधीच सांगते. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. व्हॉट्सअॅप कॉल, मुलांचा ऑनलाइन क्लास यांना तो पुरतो. ऑफिसचं काम त्याच खोलीत असेल तर थोडे जास्त पैसे घालून ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्हींवर चालणारा घ्या.

आणि राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंत भिंतीतून लॅन केबल नेता येत असेल तर जरूर न्या. अनेक एक्स्टेंडरना लॅन पोर्ट असतो. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (केबलमधून आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा) निवडला की वेग निम्मा होण्याचा प्रश्नच उरत नाही.