गेमची बंदूक घेण्याआधी तिचा डोळा शोधा

दिवाळीच्या सुट्टीला भाचा खानापूरहून बेळगावात टिळकवाडीला आमच्याकडे येतो. यंदाची त्याची मागणी चार दिवस आधी फोनवरच आली. "मामा, बंदूकवाला कंट्रोलर घेऊया की. ऑनलाइन स्वस्तात आहे, खरं उद्या रेट वाढतोय म्हणे." मागून अक्काचा आवाज आला, "पैसे झाडाला लागल्यात काय रे?"

मी गेमचा जाणकार नाही. बिघडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय झोप लागत नाही, एवढंच. पण आजवर अशा तीन बंदुका माझ्या हाताखालून गेल्या आणि त्यातल्या दोघींचे पैसे पाण्यात गेले. त्या तिन्हींनी जे शिकवलं ते इथे क्रमाने लिहितो. ही बंदूक म्हणजे बंदुकीच्या आकाराचा कंट्रोलर किंवा कंट्रोलर आत बसवायचं कवच.

पहिली पायरी: हिला दिसतं कसं ते विचारा

गेमच्या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. बहुतेकांची समजूत उलटी असते. चाप ओढला त्या क्षणी नळी पडद्यावर कुठे रोखलेली आहे हे यंत्राला कळावं लागतं, म्हणजे कुठेतरी डोळा हवा. तो बंदुकीत असेल, टीव्हीवर असेल, किंवा कुठेच नसेल. विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा. तो "एकदम ओरिजिनल फील येतो" असं म्हणाला तर समजा की डोळा नाही.

आमची पहिली बंदूक नव्वदच्या दशकातली, कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमबरोबर आलेली. निन्टेंडो या गेम कंपनीने 1984 साली जपानात काढलेल्या बंदुकीची ती नक्कल, हे फार नंतर कळलं. त्यातला बदकं मारायचा डक हंटही 1984चाच. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन हसायचा आणि आमच्या घरात त्या कुत्र्यावरच जास्त गोळ्या झाडल्या जायच्या. एका मे महिन्यात मी ती उघडली. नळीच्या तोंडाशी भिंग, त्याच्या मागे प्रकाश ओळखणारा डाळीएवढा डायोड, चापामागे एक स्विच. बाकी सगळी पोकळ.

चाप ओढला की टीव्ही क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. काळोखानंतर डायोडला उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असली तर चौकोन एकापाठोपाठ एक येतात, त्यावरून कोणतं पडलं ते ठरतं. लबाडी म्हणून आम्ही साठच्या बल्बवर बंदूक रोखायचो आणि काहीच पडायचं नाही. कारण यंत्र आधी काळोख आहे का ते तपासतं, आणि बल्ब काही मधेच काळा होत नाही.

यातलं प्रत्येक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागापुरतंच असतं. जुना फुगीर पाठीचा टीव्ही चित्र आलं तसं दाखवायचा. आजचा सपाट टीव्ही ते आधी स्वतःपाशी घेतो, साफसूफ करतो आणि मग दाखवतो. तोवर यंत्राचं विचारून झालेलं असतं. म्हणून ती जुनी बंदूक आज एलईडी टीव्हीवर लावलीत तर एकही बदक पडणार नाही, आणि त्यात बंदुकीचा दोष नाही. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या गेमयंत्रासाठी नामकोने काढलेली गनकॉनही अशीच जुन्या टीव्हीची सोबतीण. कुणी "वस्तू चालू आहे, गॅरंटी" म्हणून या जातीतली विकत असेल तर तो खोटं बोलत नसेलही, पण ती चालेल त्याच्या माळ्यावरच्या टीव्हीवर.

दुसरी जात निन्टेंडोच्या वी कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची, 2006 सालची. इथे डोळा रिमोटच्या टोकाला असतो. टीव्हीवर ठेवायची पट्टी सेन्सर म्हणून ओळखली जाते, खरं तर तिच्या दोन टोकांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे आहेत, बाकी काही नाही. रिमोट त्या दोन दिव्यांवरून आपली जागा ओळखतो. पट्टी मोडली तर पडद्याखाली दोन मेणबत्त्या थोड्या अंतरावर लावूनही काम भागतं. हे मी करून बघितलंय, करंट गेल्यावर उरलेल्या मेणबत्त्यांवर. पडद्यापासून त्या लांब ठेवा. याच कन्सोलसाठी 2007 साली आलेली झॅपर म्हणजे नुसतं प्लास्टिक. ना वायर, ना सेल. रिमोट पुढे बसवायचा, नंचक (दुसऱ्या हातात धरायचा कंट्रोलर) मागे. चाप ओढला की आतला दांडा रिमोटचं बी बटण दाबतो. तुमच्याकडे रिमोट असेल तर बंदुकीने नवी ताकद काहीच येत नाही.

सोनीच्या प्लेस्टेशनसाठीच्या मूव्ह कंट्रोलरमध्ये (2010) डोळा टीव्हीवरच्या कॅमेऱ्याला. तो कंट्रोलरच्या टोकावरचा उजळ गोळा बघतो. पुढच्या वर्षी आलेली शार्प शूटर हे त्याचंच कवच. 2017ची एम कंट्रोलर बंदूक चांगली आहे, हातात घेतली की सोडवत नाही, पण ती प्लेस्टेशनच्या पहिल्या व्हीआर चष्म्यासाठीच, म्हणजे डोळ्यांना लावून आभासी जग बघायच्या चष्म्यासाठी. चष्मा नसेल तर शोभेची वस्तू, आणि दुसऱ्या पिढीच्या चष्म्याला ती चालत नाही.

सपाट टीव्हीवर खरोखर नेम धरायचा असेल तर सिंडेनसारखी बंदूक बघा. तिच्या नळीत कॅमेरा असतो, पडद्याभोवती पांढरी चौकट काढली जाते, आणि चौकट कशी दिसते त्यावरून बंदूक आपला नेम काढते. मात्र तिला कॉम्प्युटर लागतो आणि सॉफ्टवेअरशी झटापट करायची तयारीही. ज्याला त्या झटापटीतच मजा येते त्याच्यासाठी पैसे वसूल.

राहिली आंधळी जात. भाच्याला हवी होती ती हीच. वर फोन अडकवायचा, ब्लूटूथने जोडायचा, चाप म्हणजे एक बटण. हातात धरून फिरलं की फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या आपल्याच स्वयंपाकघरात राक्षस उडतात. पोरांना वाटतं की यावर पबजीसारखे गेम खेळता येतील. तिथेच फसगत होते, कारण चाप म्हणजे नुसतं एक बटण. बंदुकीला तिच्या खोक्यावर छापलेलंच ॲप लागतं. माझी दुसरी बंदूक याच जातीची, बाजारातल्या एका दुकानातून घेतलेली. घरी येऊन खोक्यावरचा कोड स्कॅन केला तर ॲप केव्हाच काढून टाकलेलं. परत न्यायला गेलो तर मालक म्हणाला, "फोडलेला माल आम्ही घेत नाही हो." तेव्हापासून मी दुकानातच, पैसे देण्याआधी, तो कोड स्कॅन करतो. ॲप उतरलं आणि उघडलं तरच पुढचं बोलणं.

दुसरी पायरी: खेळ मोजा

बंदूक चालणारे, आज मिळणारे आणि तुम्हाला खेळावेसे वाटणारे असे तीन गेम कागदावर लिहून दाखवा. तीन भरले नाहीत तर घेऊ नका.

त्यातही एक मेख आहे. काही गेम आपल्याला घेऊन जातात, लोंढ्याच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसल्यासारखं. गाडी त्यांची, आपण नुसता नेम धरायचा. बंदूक बनली आहे ती अशा गेमसाठी. ज्यात आपणच धावायचं, वळायचं, लपायचं, त्यात अंगठ्याला काठी लागते आणि बंदूक हातात असली की अंगठा तिथे पोचताना मारामार होते. हल्लीचे बहुतेक गाजलेले गेम या दुसऱ्या प्रकारातले आहेत.

तिसरी पायरी: आधी पाइप बांधून खेळा

ही युक्ती वी, मूव्ह किंवा व्हीआरचे हातातले कंट्रोलर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी. कवच विकत घेण्याआधी तेच कवच घरी करून बघायचं. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा, एक टी, दोन एल्बो आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. पाइपचे तीन तुकडे करा. टी मधोमध, तिच्या खालच्या तोंडात बोटभर पाइप म्हणजे मूठ. मागच्या टोकाला एल्बो खाली वळवून खांद्याचा टेकू, पुढचा एल्बो डाव्या हाताला धरायला. रिमोट पुढच्या भागावर पाइपच्या सरळ रेषेत ठेवा आणि ट्यूबच्या दोन चकत्यांनी आवळा. एकच चकती लावलीत तर रिमोट फिरतो. दोऱ्याने बांधू नका, बटणं दाबली जातात. सोल्यूशन लावायची गरज नाही, सांधे नुसते दाबून बसवले तरी धरतात.

मग घड्याळ लावून अर्धा तास खेळा. आमच्याकडे काय झालं सांगतो. पहिली पाच मिनिटं भाचा कमांडो. दहाव्या मिनिटाला डावा हात खाली. पंधराव्या मिनिटाला त्याने खुर्ची ओढली आणि कोपर गुडघ्यावर टेकलं. विसाव्या मिनिटाला त्याने स्वतःहून चकत्या काढल्या, नुसता रिमोट घेतला आणि गुण वाढले. त्याचं कारण साधं आहे. नुसता रिमोट मनगटातून हलतो, बंदूक अख्ख्या खांद्यातून हलवावी लागते. शिवाय नळीवरून डोळा लावून काही उपयोग नसतो, बघायचा असतो तो पडद्यावरचा ठिपका.

तुमचं पोरगं अर्ध्या तासानंतरही पाइप सोडत नसेल तर मात्र खुशाल घ्या. मजा ही पण किंमत आहे आणि ती कागदावर मोजता येत नाही.

चौथी पायरी: घेताना

सेकंडहँड असेल तर स्वतःचे नवे सेल घेऊन जा. सेलची जागा उघडून पत्र्यावर हिरवट-पांढरा थर आहे का बघा. चाप वीस वेळा ओढा, प्रत्येक वेळी सारखाच टक आवाज यायला हवा. वायर मुठीत शिरते तिथे हलवून बघा, बहुतेक वायरी तिथेच तुटतात. कवच असेल तर तुमचाच कंट्रोलर आत बसवून बघा, नुसता फोटो बघून आकार कळत नाही.

ऑनलाइन मागवलीत तर कुरिअरवाला दारातून "सर, ओटीपी हेळ्री" म्हणत घाई करतो. ओटीपी द्या, पण खोकं फोडताना लेबलपासून बंदूक चालू होईपर्यंत एकाच दमात व्हिडिओ काढा. विकणारा ऐकेना झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. लहान मुलांचं खेळणं म्हणून विकली जात असेल तर आयएसआयची खूण बघा. 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे.

पाचवी पायरी: लावताना

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा, चाप आणि धमाका यांच्यातलं अंतर कमी होतं. सहा-आठ फुटांवर उभे राहा. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी पडदा ओढा.

आणि दिवाळीत एक गोष्ट आठवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाचा ओरडला, "मामा, ठिपका पळायलाय की!" खरंच, ठिपका पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात उड्या मारत होता. सेल बदलले, पट्टी पुसली, काही फरक नाही. शेवटी लक्षात आलं की टीव्हीशेजारच्या खिडकीला आईने जुनी, बारीक बल्बांची माळ लावली होती. तापलेली तार त्याच न दिसणाऱ्या उजेडात झगमगते, आणि रिमोटला पट्टीच्या दोन दिव्यांऐवजी पन्नास दिसत होते. माळ उतरवायला आई तयार होईना. मग ती तुळशीकडे गेली आणि खिडकीला एलईडीची आली. ठिपका जागेवर.

सहावी पायरी: घराबाहेर नेऊ नका

निन्टेंडोने आपली करडी बंदूक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नारिंगी केली, ती खेळणं म्हणून लांबूनच ओळखू यावी यासाठी. काळ्या रंगाची घेतली असेल तर नळीच्या तोंडाला भडक टेप गुंडाळा. आपल्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. कॅम्पातून मित्राकडे जाताना ती मागच्या सीटवर उभी धरून बसलेलं पोर मी पाहिलंय, आणि फाटकावरच्या जवानाची मानही वळलेली पाहिलीय. पिशवीत घालून न्या. सांबऱ्याहून विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानात ठेवूच नका, बंदुकीसारखं दिसणारं खेळणंही तिथे अडवतात.

सुट्टी संपली की सेल काढून ठेवायला विसरू नका. माझी तिसरी बंदूक आतमध्ये सेल फुटूनच गेली.

भाऊबीजेनंतर भाचा खानापूरला गेला तो बंदुकीशिवाय. तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने रिमोटचे चार्ज होणारे सेल घेतले. पाइपची बंदूक अक्का घेऊन गेली. परसातल्या नळाला एक टी कमीच पडत होती.