थारला निघालेल्या मराठवाडकरांची बॅग

मे महिन्यात ४२-४३ अंश सोसलेला आपल्याकडचा माणूस वाळवंटाच्या नावानं बिचकत नाही. गॉगल, टोपी, सनस्क्रीन भरतो आणि स्वेटर घरी ठेवतो. पण जैसलमेरच्या बाजूला पायी हिंडून तंबूत राहायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. डिसेंबर-जानेवारीत तिथं दुपारी पंचवीसच्या आसपास आणि पहाटे सात-आठ, कधी त्याहूनही कमी. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळं सूर्य बुडाला की वाळू भराभर गार पडते. म्हणून आधी कानटोपी, थर्मल, लोकरी मोजे आणि शून्य ते पाच अंशांना चालणारी स्लीपिंग बॅग. तिच्याखाली फोमची मॅट हवीच, कारण थंडी खालूनच जास्त लागते. निघायच्या आधी त्या बॅगेत एक रात्र शेतात झोपून बघा. परभणीकडची डिसेंबरातली रात्र या परीक्षेला पुरेशी आहे.

दिवसाचे कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. डोक्याला-तोंडाला गुंडाळायला मोठा पंचा किंवा उपरणं. वारा सुटला की त्याच्यापुढं टोपी काहीच नाही. बूट घोट्यापर्यंतचे आणि वर पायपट्ट्या, नाहीतर दर अर्ध्या तासाला वाळू झाडत बसाल. एक चिमटा न विसरता घ्या. तिकडं भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं मोज्यात, कपड्यात, बोटात रुततात. आपलं कुसळ त्याच्यापुढं सोज्वळ.

चालण्याची तयारी महिनाभर आधीपासून. गंगाखेड, पैठण, नांदेडकडच्यांनी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पात्रात चालावं, वाळू शिल्लक असेल तिथं, आणि उपशाचे खड्डे टाळून. बाकीच्यांनी नांगरलेल्या रानात ढेकळं तुडवावीत. मऊ वाळूत तासाला दोन-तीन किलोमीटर झाले तरी पुष्कळ, त्यामुळं सह्याद्रीतल्या ट्रेकचा हिशोब तिथं लावू नका. सकाळी लवकर निघायचं, भर दुपारी सावलीत पडून राहायचं.

पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही, पण पाणी पाठीवर वाहणं नवं आहे. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज पाच लिटर. चौघं, तीन दिवस म्हणजे साठ लिटर, म्हणजेच साठ किलो. ते उंटावरच जाणार, तेव्हा उंट आणि उंटवाला आधीच ठरवून ठेवा. वाट दाखवायलाही तोच लागतो. वीस लिटरचा जार नको, फुटला तर सगळंच गेलं. पाच-पाच लिटरचे कॅन बरे. सोबत ओआरएसची पाकिटं. ती संपलीच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खाण्यात आपण श्रीमंत आहोत. धपाटे आणि दशम्या पहिल्या दोन दिवसांना, शेंगदाण्याची चटणी सगळ्या दिवसांना. येसर तर अशा ठिकाणासाठीच केलेलं वाटावं: उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार, भाजी चिरणं नाही, धुणं नाही. गॅसची डबी मात्र रेल्वेत आणि विमानात नेता येत नाही, ती जैसलमेरला नाहीतर जोधपूरला मिळवायची. खेजडीची फांदी तोडून चूल पेटवू नका; हे झाड वाचवताना १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात ३६३ बिष्णोईंनी प्राण दिलेत.

तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. रिकाम्या पिशव्या न्या, त्यात वाळू भरा, दोरी बांधून हातभर खोल पुरा. जागा टेकाडाच्या माथ्यावर नको, दोन टेकाडांमधल्या सपाटीवर बघा, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. सकाळी बूट झाडूनच घाला. विंचू आणि फुरसं तिथंही आहेत.

मोबाईल रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. नकाशे आधीच उतरवून ठेवा, होकायंत्र असू द्या. डेझर्ट नॅशनल पार्कात, म्हणजे जिथं माळढोक अजून टिकून आहे तिथं, वनखात्याची परवानगी लागते. पुढं पाकिस्तानची सीमा असल्यानं मूळ ओळखपत्र खिशातच हवं. आणि दुबईचा मेहुणा प्रेमानं सॅटेलाइट फोन देत असला तरी घेऊ नका, परवान्याशिवाय तो बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे.